सोलर नंतरही बसतो, भिंत नंतर बदलत नाही

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. औसा तालुक्यात गावठाणात तुमचे वडिलोपार्जित माळवदाचे, म्हणजे दगड-मातीच्या भिंतींचे आणि मातीच्या सपाट छताचे घर आहे. ते आता राहण्याजोगे उरलेले नाही, म्हणून उतरवून तिथेच आई-वडिलांसाठी साधारण ११०० चौरस फुटांचे एकमजली घर बांधायचे आहे. नेहमीच्या खर्चावर आणखी ३ लाख तुम्ही फक्त पर्यावरणासाठी बाजूला काढले आहेत. पुण्यातले ओळखीचे वास्तुरचनाकार कारखान्यात बनणारे हलके एएसी ब्लॉक सुचवतात, मैत्रीण दाबलेल्या मातीच्या विटा म्हणते आणि गावचा गुत्तेदार म्हणतो, घर कॉलम-बीमचेच बांधा, ३ लाखांचा सोलर छतावर टाका, विषय संपला. यांपैकी कशाने कार्बन सर्वांत कमी होईल, असे तुम्ही विचारले आहे.

मी तिसेक वर्षे लातूर, धाराशिव आणि सोलापूर या पट्ट्यात घरे बांधतो आहे. डिप्लोमा संपवून बाहेर पडलो आणि पहिले काम मिळाले ते किल्लारीच्या भूकंपानंतरच्या पुनर्बांधणीत. त्यामुळे तुमच्या तालुक्याची माती, दगड आणि तिथल्या माणसांच्या मनातली भीती या तिन्ही गोष्टी जवळून पाहिल्या आहेत.

तुम्ही समोर ठेवलेले तीन पर्याय एका रांगेतले नाहीत. भिंत, पाया, छत, घराची दिशा या गोष्टी एकदाच ठरतात. त्यांचा कार्बन बांधकामाच्या सहा-आठ महिन्यांत हवेत जातो आणि पुढे कितीही पश्चात्ताप झाला तरी परत येत नाही. सोलर, पंखे, शेगडी यांचे तसे नाही. ते यंदा नाही तर तीन वर्षांनी घेता येतात, आणि तोवर तंत्र सुधारलेलेही असते. म्हणून ‘सोलर की माती’ यापेक्षा ‘आधी काय आणि नंतर काय’ हा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. माझे उत्तर सरळ सांगतो: ३ लाखांतला मोठा भाग आराखडा, भिंत आणि छत यांवर घाला. सोलरची सोय स्लॅब टाकतानाच करून ठेवा, पण पॅनल छोटे घ्या.

हे कशाकशावर अवलंबून आहे तेही आधीच सांगतो. जमिनीखाली मुरूम किती खोलीवर लागतो, जुन्या घराचा दगड आणि लाकूड किती चांगले निघते, राखेच्या विटांचा कारखाना किती लांब आहे, तुमचा गवंडी काय बांधून सरावलेला आहे, आणि वर मजला चढवायचा विचार खरोखर आहे का. यांतले एखादे उत्तर वेगळे आले तर माझा सल्लाही बदलेल.

आता आकडे. हे गवंडी-गुत्तेदारांचे ठोकताळे आहेत, प्रत्यक्ष घरात थोडेफार इकडेतिकडे होतात. कॉलम-बीमच्या घराला चौरस फुटाला ०.४ पोते सिमेंट आणि सुमारे ४ किलो लोखंड धरतात. म्हणजे तुमच्या घराला ४४० पोती आणि साडेचार टनांच्या आसपास गज. सिमेंट बनवताना चुनखडी भाजतात, आणि चुनखडीच्या दगडातच कार्बन अडकलेला असतो. १०० किलो शुद्ध चुनखडी भाजली की ५६ किलो चुना राहतो आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड निघून जातो. भट्टी कोळशाऐवजी उद्या सूर्याच्या उष्णतेवर चालवली तरी हे ४४ किलो टळत नाहीत. वर १४५० अंशांपर्यंत तापवण्याचे इंधन वेगळे. सगळे मिळून साध्या ओपीसी (राख न मिसळलेल्या) सिमेंटच्या ५० किलोच्या पोत्यामागे ४० किलोंहून थोडा जास्त कार्बन डायऑक्साइड धरायला हरकत नाही. म्हणजे ४४० पोत्यांचे १८ टन. लोखंड खनिजापासून बनवलेले असेल तर टनाला दोन-अडीच टन, म्हणजे आणखी दहा. विटा, वाळू, वाहतूक अजून मोजलेलीच नाही, तरी २८ टन झाले.

समोर सोलर ठेवून पाहू. आपल्याकडे १ किलोवॉटचे पॅनल दिवसाला सरासरी ४ युनिट देते. देशातल्या विजेत कोळशाचा वाटा मोठा असल्याने एका युनिटमागे सुमारे ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड पडतो. २ किलोवॉटचा संच वर्षाला २८०० युनिटच्या आसपास देईल आणि २ टन टाळेल. मग ते २८ टन फेडायला त्याला १४ वर्षे लागतात. पण तेच घर विचारपूर्वक बांधून सिमेंट-लोखंडाचा कार्बन निम्म्यावर आणता आला, तर सात वर्षांच्या सोलरइतके काम पहिल्याच वर्षी होते. गुत्तेदाराच्या सल्ल्यात नेमकी हीच गोष्ट सुटते.

निम्म्यावर कसे आणायचे? सर्वांत मोठी बचत कुठल्याही नव्या वस्तूत नाही, कॉलम न घेण्यात आहे. एकमजली घराला भारवाहक भिंती पुरतात. भिंतच छत उचलते, भूकंपासाठी तिला पट्ट्या आणि कोपऱ्यात उभे गज द्यायचे. गावागावांत गच्चीवर उभे राहिलेले गंजके गज तुम्ही पाहिले असतील, वर रिकाम्या बाटल्या उलट्या घातलेल्या. ते ‘उद्याच्या मजल्याचे’ गज असतात. त्या मजल्यासाठी खालचे कॉलम, पाया आणि बीम दीडपट जाड केलेले असतात. मी बांधलेल्या घरांपैकी ज्यांनी असे गज ठेवले, त्यांतल्या निम्म्याहून जास्त घरांवर मजला चढलेला नाही. मुले पुण्याला किंवा हैदराबादला गेली. तुमच्या घरी कोण राहायला येणार आहे याचा विचार घरात बसून, शांतपणे, एकदाच करा. उत्तर ‘कोणी नाही’ असेल तर त्या न होणाऱ्या मजल्याचे सिमेंट आज जाळू नका. आरसीसी डिझायनरची फी देऊन या एकमजली घराचा हिशेब करून घ्या. ती फी तुमच्या ३ लाखांतून द्या, तिच्याइतका फायदेशीर खर्च या सगळ्या कामात दुसरा नाही.

इथे तुमचे आई-वडील थांबतील, आणि त्यांनी थांबणे बरोबरच आहे. किल्लारी तुमच्याच तालुक्यातले. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमारास, गणपती विसर्जन करून माणसे झोपली होती. हजारो माणसे गेली ती त्याच दगड-मातीच्या माळवदांखाली. तेव्हा हा भाग भूकंपाच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. त्या रात्रीनंतर मराठवाड्यात दगड आणि माती या दोन शब्दांवरचा विश्वासच उडाला आणि ‘कॉलम म्हणजे सुरक्षित’ हे मनात पक्के बसले. मी ते मोडलेले ढिगारे हातांनी उपसले आहेत, म्हणून काय चुकले होते ते नीट सांगतो.

माळवदाच्या भिंती दोन-अडीच फूट जाड दिसतात, पण ती एक भिंत नसते. बाहेरून एक आणि आतून एक अशा दगडांच्या दोन रांगा, मध्ये माती आणि लहान दगडांची भर. दोन्ही रांगांना धरून ठेवणारा, भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड बहुतेक घरांत नव्हताच. पावसाने मधली माती फुगायची, बाहेरच्या रांगेला पोट यायचे. वर छतावर मातीचे थर: दर पावसाळ्यापूर्वी एक नवा हात, जुना कोणी काढत नसे. फूटभर मातीचे वजन एका चौरस मीटरवर अर्ध्या टनाच्या आसपास जाते, आणि कित्येक घरांत ती दोन फुटांपर्यंत चढलेली होती. जमीन हलली तेव्हा भिंतीच्या दोन रांगा एकमेकींपासून सुटल्या आणि वरचा भार खाली आला. ज्या घरांचे छत लाकडी खांबांवर स्वतंत्र उभे होते, त्यांतली बरीच उभी राहिली, भिंती पडल्या तरी.

दगड आणि माती वापरली हे चुकले नव्हते. बांधणीत जोड नव्हता आणि डोक्यावर नको इतके वजन होते. जोते, खिडकीचा तळ, लिंटेल आणि छताखाली अशा पातळ्यांवर आरसीसीची सलग पट्टी, कोपऱ्यांत आणि दरवाजांच्या बाजूंना उभे गज, खिडक्या कोपऱ्यापासून दूर, हे केले की भारवाहक भिंतीचे घर भूकंपात एकसंध हलते. आयएस ४३२६ या भारतीय मानकात हे नियम आहेत. उलट, डिझायनरशिवाय ठोकलेले कॉलम-बीमचे घर, ज्याच्या कॉलमच्या गजांभोवतीच्या रिंगा आठ-आठ इंचांवर आणि हुक न वळवलेल्या असतात, ते मला जास्त भीतीचे वाटते. वडिलांना हे कागदावर काढून दाखवा. मी स्वतः अनेक घरांत असा कागद घेऊन बसलो आहे. ज्यांनी ती रात्र पाहिली आहे त्यांच्याशी वाद घालून उपयोग नाही, आणि त्यांच्या मनाला पटल्याशिवाय भिंत उभी करूही नये.

आता भिंत कशाची. सर्वांत कमी कार्बनचे साहित्य तुमच्या जागेवरच पडून आहे. जुने घर जेसीबीने पाडू नका, माणसे लावून उतरवा. दिवस जास्त लागतील, मजुरी जास्त लागेल, ती त्या ३ लाखांतून द्या. काळा दगड पुन्हा पायात आणि जोत्यात जातो. यावेळी सिमेंटच्या मसाल्यात, दर दोन-अडीच फुटांवर आरपार दगड घालून. सागवानी किंवा कडुलिंबाच्या तुळया आणि खांब ठोकून पाहा. आवाज भरीव आला आणि वाळवीचा पोकळपणा नसला तर त्यांतून ओसरी उभी राहते. शहाबादी फरशी उलटी केली की खालची बाजू बहुतेक नवीनच असते. माझ्या अनुभवात नीट उतरवलेल्या घरातून पाया-जोत्याचा जवळजवळ सगळा दगड निघतो, म्हणजे डबराचे ट्रकही वाचतात.

मातीच्या दाबलेल्या विटांबद्दल मैत्रीण म्हणते ते तत्त्वतः बरोबर आहे. माती भाजायची नाही, पाच ते आठ टक्के सिमेंट मिसळून यंत्रात दाबायची, पाण्याने मुरवायची. पुद्दुचेरीजवळच्या ऑरोव्हिलमध्ये अशा विटांच्या इमारती वर्षानुवर्षे उभ्या आहेत. पण तिथली माती वेगळी. या विटेला वाळूचे प्रमाण निम्म्याच्या आसपास असलेली माती लागते, चिकणमाती पाचव्या हिश्श्याएवढी. आपली काळी माती म्हणजे पाणी पिऊन फुगणारी आणि उन्हात हातभर भेगा पडणारी. ती विटेत गेली की वीट फसलीच. गावठाणातली जुनी पांढरी माती दिसायला चांगली, पण तिच्यात खार असतो आणि भिंतीला लोणा लागतो.

याचा धडा मी स्वतः घेतला आहे. सोळा-सतरा वर्षांपूर्वी एका शेतघरासाठी मी अशा विटा पाडल्या. पहिल्या ट्रॉलीची माती तपासली, ती उत्तम निघाली. पुढच्या ट्रॉल्या त्याच खाणीतल्या म्हणून तपासल्या नाहीत. त्यांत वरचा काळा थर खरवडून आला होता. पहिल्या पावसाळ्यात पश्चिमेच्या भिंतीचे कोपरे सुटले आणि ती भिंत मला माझ्या खर्चाने पुन्हा बांधून द्यावी लागली. तेव्हापासून एक नियम पाळतो: जिथे मुरमाड लाल माती जवळ आहे, यंत्र भाड्याने मिळते आणि प्रत्येक ट्रॉली तपासणारा माणूस जागेवर हजर असतो, तिथेच मातीची वीट. तुम्ही पुण्यात, आई-वडील वयस्कर. रोज जागेवर कोण उभे राहणार? म्हणून तुमच्या घराच्या मुख्य भिंतींसाठी मी ती सुचवत नाही. कुंपणाच्या भिंतीला किंवा एखाद्या खोलीच्या आतल्या भिंतीला हौसेने करून पाहा.

एएसी ब्लॉक, ज्याला आपल्याकडे कित्येक जण अजून सिपोरेक्स म्हणतात, तो हलका असतो. ॲल्युमिनियमच्या भुकटीने त्यात बुडबुडे तयार होतात, मग दाबाच्या वाफेत तो शिजवतात. विटेच्या तिप्पट हलका असल्याने दहा मजली इमारतीत कॉलम-पायाचे लोखंड वाचते. तिथे त्याला हरित म्हणणे योग्य. एकमजली भारवाहक घरात हा फायदा जवळजवळ शून्य. शिवाय तो कारखान्यातून लांबून येणार, गावचा गवंडी त्यात खिळा कसा मारायचा इथपासून अडणार, आणि गिलाव्याला हमखास बारीक तडे. पुण्यातल्या सल्लागारांचा सल्ला चुकीचा नाही, तो पुण्यातल्या इमारतीसाठीचा आहे.

मग उरते राखेची वीट, आणि तुमच्यासाठी माझी पसंती तिलाच. परळी वैजनाथचे औष्णिक केंद्र जवळ, सोलापूरलाही एक. राखेचे ढीग पडलेले आहेत. राख, क्रश सँड आणि थोडे सिमेंट किंवा चुना मिसळून, दाबून, पाण्याने पिकवलेली ही वीट भट्टीत जात नाही. माती खणावी लागत नाही, म्हणजे कुणाच्या शेताचा वरचा थर जात नाही. कोळशाची राख वापरणे म्हणजे कोळशाला पाठिंबा देणे नव्हे का, असे तुमच्या मनात येईल. माझे मत असे की ढीग झालेली राख वाऱ्याने उडून शेतात आणि छातीत जाते, त्यापेक्षा ती भिंतीत बंद झालेली बरी. पण चांगली वीट ओळखून घ्यावी लागते. दोन विटा एकमेकींवर आपटा, खणखणीत आवाज यायला हवा. एक वीट रात्रभर पाण्यात ठेवून सकाळी कोपरा नखाने कोरून पाहा. पुरते दिवस पाणी न मारता विकलेली वीट कोपऱ्यातून चुरते.

या विटेचा आणखी एक गुण म्हणजे तिचा आकार एकसारखा असतो. त्यामुळे वास्तुरचनाकार लॉरी बेकर यांनी केरळात रुजवलेली पोकळ बांधणी तिच्यात नीट जमते. रॅट ट्रॅप म्हणतात ती. वीट आडवी न ठेवता कडेवर उभी ठेवायची, म्हणजे भिंतीच्या पोटात हवेचे कप्पे तयार होतात. विटा सुमारे चतुर्थांश कमी लागतात, मसालाही कमी, आणि त्या हवेमुळे पश्चिमेचे ऊन आत यायला वेळ लागतो. कोपऱ्यांतल्या पोकळीत उभा गज टाकून काँक्रीट भरता येते, म्हणजे भूकंपाची सोय बांधणीतच होते. गावठी भट्टीची वाकडी-तिकडी वीट घेऊन हा प्रयत्न करू नका, मसाला दुप्पट जातो. गवंड्याला पहिले दोन दिवस जड जाते. एक नमुना-भिंत छातीइतकी बांधून घ्या, पसंत पडली नाही तर पाडायची तयारी ठेवा. बाहेरून गिलावा न करता नुसत्या दरजा भरल्या तरी चालते, तिथेही सिमेंट वाचते.

सिमेंटच्या दुकानात ‘५३ ग्रेड ओपीसी’ मागायची सवय सोडा. राख मिसळलेले पीपीसी घ्या. त्यात १५ ते ३५ टक्के राख असते आणि पोत्यामागचा कार्बन त्याच प्रमाणात उतरतो. स्लॅबलाही ते चालते. अट एकच, ते जरा सावकाश पकडते. आयएस ४५६ प्रमाणे साध्या सिमेंटला किमान ७ दिवस आणि मिश्र सिमेंटला किमान १० दिवस पाणी मारावे लागते. मी १४ दिवस मारतो. सेंट्रिंगही घाईने काढू नका. लातूरकडे पाणी मारणे ही छोटी गोष्ट नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेला हा जिल्हा. म्हणून स्लॅब डिसेंबर-जानेवारीत टाका, गोणपाट अंथरा, वर प्लास्टिक झाका. निम्म्या पाण्यात भागते. भाजलेली चिकणमाती आणि चुनखडी घालून क्लिंकर, म्हणजे भट्टीतून निघणारा सिमेंटचा मूळ माल, निम्म्यावर आणणारे एलसी-३ नावाचे सिमेंट आले आहे, २०२३ मध्ये त्याचे भारतीय मानकही निघाले. पण तालुक्याच्या दुकानात ते अजून सहज मिळत नाही, त्यासाठी काम अडवू नका.

लोखंड जालन्याचे मिळेल. तिथल्या बऱ्याच भट्ट्या भंगार वितळवून गज बनवतात, जितके भंगार तितका खनिजापासून लोह काढण्याचा कार्बन टळतो. फक्त आयएस १७८६ चा शिक्का आणि त्या लॉटचे चाचणीपत्र मागा. कमअस्सल गज हा भूकंपाच्या भागात कार्बनपेक्षा मोठा प्रश्न आहे. या सगळ्यानंतर माझा अंदाज असा: पीपीसीची २९० च्या आसपास पोती आणि सव्वादोन टन लोखंड. लोखंडाचा टनामागचा कार्बन आधीचाच धरला तरी दोन्ही मिळून १४ टन, म्हणजे आधीच्या निम्मे.

छताकडे वळू. माळवदात मे महिन्यातही दुपारी झोप लागायची, हे आईंना आठवत असेल. स्लॅबच्या घरात ते सुख जाते आणि दोन उन्हाळ्यांत एसी येतो. पुढची तीस वर्षे विजेचे बिल ठरवणारा भाग म्हणजे छत. स्लॅबवर चुन्याचा पांढरा हात, दर उन्हाळ्याच्या तोंडाशी पुन्हा. खर्च काहीशेचा, फरक हात लावून कळतो. जरा पैसे असतील तर फुटक्या पांढऱ्या टाइल्सचा थर. दक्षिण आणि पश्चिमेला ओसरी, खिडकीवर दोन फुटांची सावली, उंचावर झरोके. पश्चिमेला कडुलिंब असेल तर बांधकामासाठी तोडू नका, आराखडा दोन फूट सरकवा. खिडक्या दुपारी बंद आणि रात्री उघड्या ठेवायची जुनी सवय कोरड्या हवेत अजूनही सर्वांत उपयोगी आहे.

आता सोलर. आई-वडील दोघेच, एसी नाही, म्हणजे महिन्याला १०० ते १२५ युनिट. वर्षाला दीड हजार. ३ किलोवॉटचा संच वर्षाला चार हजारांहून जास्त देईल. जादा वीज सार्वजनिक विजेच्या जाळ्यात (ग्रिडमध्ये) जाते, तिचा कोळसा वाचतो हे खरे, पण पैशाच्या हिशेबाने तुम्हाला फारसे काही मिळत नाही. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या २ किलोवॉटला किलोवॉटमागे ३० हजार आणि ३ किंवा त्याहून जास्त किलोवॉटला एकूण ७८ हजार अनुदान जाहीर झाले. अर्ज करण्याआधी चालू नियम पाहून घ्या. माझ्या मते २ किलोवॉटपासून सुरुवात करा आणि जागा ४ किलोवॉटची राखून ठेवा.

राखून ठेवणे म्हणजे काय ते सांगतो, कारण ही गोष्ट पुढे कोणीच करून देत नाही. स्लॅब टाकतानाच पॅनलच्या पायांसाठी काँक्रीटचे छोटे ठोकळे ओतून घ्या, नंतर भोके पाडली की गळती. छतापासून मीटरपर्यंत वायरचा मोकळा पाइप भिंतीत सोडा. पाण्याची टाकी आणि जिन्याची खोली उत्तरेला घ्या, म्हणजे दक्षिणेकडे तोंड केलेल्या पॅनलवर सावली येणार नाही. कोपऱ्यातली हातभर सावलीही उत्पादन फार पाडते. तिरकेपणा १८ अंशांच्या आसपास, म्हणजे आपल्या अक्षांशाइतका. अर्थिंगचा खड्डा पाया खणतानाच.

एक गैरसमज दूर करायलाच हवा. साधा ऑन-ग्रिड, म्हणजे विजेच्या जाळ्याला जोडलेला संच लाइट गेली की बंद पडतो, भर दुपारी उन्हात सुद्धा. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला तुमच्या छतावरची वीज लागू नये म्हणून तसे ठेवलेले असते. गावात लाइट जाते म्हणून सोलर घेणारे कित्येक जण यात फसल्यासारखे होतात. आई-वडिलांना पंखा आणि दोन दिवे चालू हवे असतील तर बॅटरीचा छोटा इन्व्हर्टर वेगळा घ्या. ३५ वॉटच्या आत चालणारे बीएलडीसी पंखे घेतले की छोटी बॅटरीही रात्र काढते. जुना पंखा ७०-७५ वॉट खातो.

विजेबद्दल मला मनापासून वाटते ते असे की मराठवाड्यात सोलर हा कार्बनइतकाच पाण्याचा विषय आहे. औष्णिक केंद्राला थंड राहायला पाणी लागते. २०१५ मध्ये परळीचे केंद्र पाणी नाही म्हणून बंद ठेवावे लागले होते. छतावरच्या पॅनलला धुण्यापुरत्या बादल्या लागतात.

स्वयंपाकघराचे तुम्ही विचारले नाही, पण ‘सगळे इलेक्ट्रिक करा’ असा सल्ला कोणीतरी देईलच. १४.२ किलोच्या गॅस सिलिंडरमधून साधारण ४२ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. तेवढाच स्वयंपाक इंडक्शनवर केला तर १२० युनिटच्या आसपास लागतात, आणि आजच्या कोळशाच्या विजेवर त्याचे ८० किलोंहून जास्त होतात. म्हणजे रात्री जाळ्यातल्या विजेवर इंडक्शन लावणे आज तरी गॅसपेक्षा जड. दुपारचा स्वयंपाक, डाळ शिजवणे, पाणी तापवणे पॅनल चालू असताना इंडक्शनवर करा, बाकी गॅसवर. घरी अजून चार-पाच जनावरे असतील तर गोष्ट वेगळी: रोज ५० किलो शेण म्हणजे २ घनमीटरचा गोबरगॅस, दोघांचा स्वयंपाक होऊन उरतो, आणि मळी शेतात जाते. पण शेण कालवणारे हात घरात हवेत. आई-वडिलांच्या अंगावर ते काम टाकू नका.

३ लाखांची वाटणी मी अशी करीन: आरसीसी डिझायनर आणि जुने घर उतरवण्याची मजुरी मिळून सव्वा लाख. राखेची वीट, नमुना-भिंत आणि गवंड्याचे जादा दिवस यांना ५० हजार. छताचा पांढरा थर, सावल्या, झरोके यांना ४० हजार. उरलेल्या ८५ हजारांत पंखे, पाइप-ठोकळे आणि अनुदान वजा जाता २ किलोवॉटच्या संचाचा जमेल तितका भाग. पैसे कमी पडले तर पॅनल एक वर्ष पुढे ढकला, वाटणीतले पहिले दोन आकडे कमी करू नका.

आता तुमच्याकडून तीन गोष्टी हव्यात. जागेवर चार फूट खड्डा घेऊन प्रत्येक फुटाची मूठभर माती वेगवेगळ्या काचेच्या बरण्यांत घाला, पाणी भरून जोरात हलवा आणि दोन दिवस तशीच ठेवून फोटो काढा. वाळू, गाळ आणि चिकणमातीचे थर वेगळे दिसतील आणि पाया किती खोल न्यायचा त्याचा अंदाज येईल. जुन्या घराच्या भिंतीचा एक कोपरा उकलून दगडांची जाडी मोजा. आणि आई-वडिलांची मागच्या बारा महिन्यांची वीजबिले काढून ठेवा. हे तिन्ही आले की पायाची खोली आणि संचाचा आकार नक्की करून देतो.